कॅप्टनचं पुढे काय झालं?

१९८० च्या दशकाच्या अखेरीला दूरदर्शनवर ‘स्पेस सिटी सिग्मा’ लागायची. कॅप्टन तारा नावाचा नायक, झखाकू नावाचा खलनायक, पुठ्ठा लपता लपत नाही असं अवकाशनगर आणि भिंतीभर लुकलुकणारे दिवे. आज ते भाग पाहिले तर हसू येतं. तेव्हा आलं नाही. श्रीरामपूर असो की जामखेड, ज्या घरात टीव्ही होता तिथे गल्ली गोळा व्हायची आणि दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं दोन गोष्टींवर भांडायची. झखाकू मरणार की निसटणार, आणि याचा पिक्चर निघणार का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मालिकेनेच यथावकाश दिलं. दुसऱ्याचं आजवर मिळालेलं नाही.

मला त्या दुसऱ्या प्रश्नाचा मागोवा घ्यायचा आहे. अवकाशातली एखादी गोष्ट तुकड्यातुकड्याने पाहिली-वाचली की ती एका बैठकीत, मोठ्या पडद्यावर, अंधारात बसून पाहायची ओढ लागते. मग तिच्यात कोण काम करणार, गोष्ट कुठून सुरू होणार, मेलेला माणूस परत येणार का, अशा पैजा लागतात. ही सवय अमेरिकेतून आली असं आपण धरून चालतो. थोडीफार तिकडून आलीही. पण तिची एक मुळी अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, मातीत सापडते आणि दुसरी एका जुन्या मराठी मासिकात.

आधी मासिक. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी कोचीनमध्ये ‘केरळ कोकिळ’ सुरू केलं ते १८८६ मध्ये. मराठी मुलखापासून इतक्या लांब निघालेल्या या मासिकाने १९०० पासून ज्यूल व्हर्नची चंद्रावर जाण्याची कादंबरी ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने हप्त्याहप्त्याने छापायला घेतली. मराठी विज्ञानकथेचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात आणि लगेच पुढे जातात. मला मात्र इथे थांबावंसं वाटतं, कारण हप्त्यांमध्येच सगळी गोम आहे. प्रचंड तोफेत गोळा ठासला, गोळ्यात माणसं बसली, आणि खाली ‘क्रमशः’. पुढचा अंक टपालाने येईपर्यंत वाचकाच्या हातात अंदाज बांधण्यावाचून दुसरं काही नाही. चाहता म्हणतात तो प्राणी या मधल्या रिकाम्या महिन्यात जन्माला येतो. पूर्ण पुस्तक हातात असलेला माणूस वाचक असतो. ज्याचं पुस्तक दर महिन्याला अर्धवट तुटतं तो तर्क लढवायला लागतो.

योगायोग पाहा. मराठीत व्हर्नची ओळख होत होती त्याच सुमारास, १९०२ मध्ये, पॅरिसमध्ये जॉर्ज मेलिएस नावाच्या जादूगाराने व्हर्न आणि वेल्स यांच्या चंद्रकथांवरून पाव तासाच्या आतला एक मूकपट काढला. चंद्राच्या डोळ्यात घुसलेलं त्यातलं यान अजूनही टी-शर्टवर छापून विकतात. म्हणजे अवकाशाची छापील गोष्ट पडद्यावर जाऊ शकते याचा पुरावा मराठी वाचकाने व्हर्नशी ओळख करून घेतल्यावर फार उशिराने आला नाही. ‘केरळ कोकिळ’च्या वाचकांना त्याची गंधवार्ताही नसणार, ही गोष्ट वेगळी.

आता नगर. १९१८ च्या एप्रिल महिन्यात या शहरात दोन मुलं जन्मली. दोघांच्या वाढदिवसांत फक्त ९ दिवसांचं अंतर. १६ तारखेला जन्मला तो टेरेन्स ॲलन मिलिगन, ब्रिटिश हिंदी सैन्यातल्या आयरिश अधिकाऱ्याचा मुलगा. २५ तारखेला जन्मले शाहू मोडक, नगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातले. दोघे एकमेकांना कधी भेटले असतील असं मला वाटत नाही. पण या मागोव्यात दोघांची गरज आहे.

शाहू मोडक पुढे पडद्यावरचे कृष्ण झाले. इतक्या चित्रपटांत त्यांनी कृष्ण केला की कॅलेंडरवरचा देव आणि ते यांच्यात फरक उरला नाही. प्रभातच्या ‘माणूस’मध्ये हवालदार गणपत केला, तो वेगळाच. पण आपल्या कामाचा आहे तो १९४० चा ‘संत ज्ञानेश्वर’, दामले-फत्तेलाल यांचा. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन चांगदेव येतात. त्यांना सामोरं जायला ज्ञानदेव आणि भावंडं बसलेली भिंत चालायला लागते. पुण्यात स्टुडिओत बसून, १९४० च्या तंत्राने प्रभातने ती चालवून दाखवली. ज्या नेवाश्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नगर जिल्ह्यातलंच, आणि पडद्यावरच्या त्या भिंतीवर बसलेला नटही नगरचाच. चालकाशिवाय, इंजिनाशिवाय चाललेलं मराठी पडद्यावरचं हे पहिल्या प्रतीचं वाहन म्हणायला माझी हरकत नाही. जत्रांमध्ये लागणाऱ्या तंबू टॉकीजमध्ये असे चित्रपट वर्षानुवर्षं फिरत राहिले. नगर जिल्ह्यातल्या मढीच्या यात्रेला किंवा मोहट्याच्या देवीला जाणाऱ्या माणसाला पडद्यावर विमान, अस्त्र, आकाशमार्ग यांचं काही नवल नव्हतं. त्याला गोष्ट आधीपासून पाठ होती, म्हणून ‘पुढे काय’ हा प्रश्नच पडत नव्हता. पौराणिक चित्रपटाचा प्रेक्षक भक्त असतो. त्याला अंदाज बांधायला कोणी जागा ठेवलेलीच नाही, कारण कंस मरणारच. अवकाशकथेचा प्रेक्षक वेगळा घडवावा लागतो.

तो घडायला दुसऱ्या मुलाकडे जावं लागेल. मिलिगनचं बालपण पुण्यात आणि रंगूनमध्ये गेलं, १९३० च्या दशकात कुटुंब इंग्लंडला परतलं, आणि जग त्याला स्पाइक मिलिगन म्हणून ओळखू लागलं. १९५१ पासून बीबीसी रेडिओवर ‘द गून शो’ सुरू झाला. पीटर सेलर्स, हॅरी सीकोम आणि मिलिगन. त्यातल्या बहुतेक भागांची संहिता मिलिगनने लिहिली, आणि त्या कामाच्या ताणाने तो मनाने मोडलाही. इंग्रजी विनोदाला त्याने जे उलटंपालटं केलं त्याबद्दल तिकडे ग्रंथ आहेत. नगरमध्ये हे नाव कितीजणांना माहीत आहे, हा प्रश्न मी कोणाला विचारत नाही.

आता मिलिगनचा अवकाशाशी संबंध काय? तो कळायला १९५३ च्या उन्हाळ्यात जावं लागतं. बीबीसी टेलिव्हिजनने नायजेल नील याची ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ ही ६ भागांची मालिका दाखवली. ब्रिटनचं पहिलं माणसं नेणारं रॉकेट परत येतं, आत गेलेले तिघे, बाहेर येतो एकटाच, आणि तो एकटाही हळूहळू माणूस राहत नाही. मालिका स्टुडिओतून थेट प्रक्षेपित होत होती. मुद्रण म्हणाल तर पहिल्या दोन भागांचंच शिल्लक आहे, उरलेले ४ हवेत गेले. तेव्हा घरोघरी टीव्ही नव्हते, पण जिथे होते तिथे माणसं खिळून बसली. दर आठवड्याला एक भाग, मध्ये ७ दिवस तर्कवितर्क. ‘केरळ कोकिळ’चा रिकामा महिना इथे एका आठवड्यावर आला होता.

आणि मग घडलं ते, ज्याची आजचे चाहते वाट पाहतात. हॅमर नावाच्या छोट्या चित्रपट कंपनीने हक्क विकत घेतले आणि १९५५ मध्ये त्याचा सिनेमा काढला. नावातल्या एक्सपेरिमेंटचं पहिलं अक्षर उडवून फक्त एक्स ठेवला, कारण प्रौढांसाठीचं ‘एक्स’ प्रमाणपत्र हीच त्यांना जाहिरात वाटली. प्रोफेसर क्वाटरमासच्या मुख्य भूमिकेत अमेरिकन नट घेतला, ब्रायन डॉनलेव्ही, परदेशात खपावा म्हणून. मूळ लेखक नील त्या निवडीवर कायम नाराज राहिला. मालिकेचा सिनेमा झाला की काय काय होतं याची सगळी यादी या एका उदाहरणात आहे: हक्कांचा व्यवहार, बाजारासाठी बदललेला नट, चिडलेला लेखक, ‘आमचा प्रोफेसर असा नव्हता’ म्हणणारे प्रेक्षक, आणि तरी भरलेलं थिएटर. हॅमरची पुढची सगळी भयपटांची दुकानदारी या यशावर उभी राहिली.

क्वाटरमासची तिसरी मालिका १९५८ च्या डिसेंबरात सुरू होऊन १९५९ च्या जानेवारीत संपली. लंडनमध्ये पाया खणताना जमिनीखाली एक यान सापडतं आणि ते मंगळावरून लाखो वर्षांपूर्वी आलेलं असतं. मालिका संपून महिना होत नाही तोच, फेब्रुवारी १९५९ मध्ये, नगरमध्ये जन्मलेल्या त्या लेखकाने रेडिओवर तिची खिल्ली उडवली. भागाचं नाव ‘द स्कार्लेट कॅप्सूल’. सीकोम झाला नेड क्वाटरमास. गंमत म्हणजे आवाज मूळ मालिकेचेच वापरले होते. बीबीसीत १९५८ मध्ये रेडिओफोनिक वर्कशॉप नावाची ध्वनी घडवणारी शाखा निघाली होती. मंगळावरच्या यानाचा थरकाप उडवणारा नाद जिथे तयार झाला तिथेच गून शोमधल्या मेजर ब्लडनॉकच्या पोटातली गुडगुडही तयार झाली. त्याच तिसऱ्या मालिकेचा सिनेमा यायला १९६७ उजाडलं. म्हणजे क्रम असा: मालिका, मग मिलिगनचं विडंबन, मग ८ वर्षांनी सिनेमा. मूळ मालिका प्रेक्षकांना तोंडपाठ असल्याशिवाय विडंबन चालत नाही, आणि इतकी तोंडपाठ असलेली गोष्ट निर्मात्यांना फार काळ गप्प बसू देत नाही.

अमेरिकेत हाच खेळ मोठ्या प्रमाणावर झाला. ‘स्टार ट्रेक’ १९६६ मध्ये सुरू झाली, ३ वर्षांत ७९ भाग झाले, बंद पडली. दुसऱ्या वर्षाअखेरीसच ती बंद होणार होती. बीजो ट्रिम्बल या बाईंनी आणि त्यांच्या नवऱ्याने पत्रांची मोहीम चालवली, वाहिनीवर पत्रांचा पाऊस पडला, आणि १९६८ मध्ये वाहिनीला चक्क पडद्यावरून जाहीर करावं लागलं की मालिका चालू राहील. पुढे १९७६ मध्ये नासाच्या पहिल्या स्पेस शटलचं नाव ‘कॉन्स्टिट्यूशन’ ठरलेलं असताना चाहत्यांनी राष्ट्राध्यक्षांकडे पत्रं धाडून ते ‘एंटरप्राइज’ करायला लावलं. ते शटल कधी अवकाशात गेलं नाही, फक्त वातावरणातल्या चाचण्यांपुरतं उडालं. चाहत्यांच्या हट्टाला अशी किनार नेहमीच असते.

याच गोष्टीत मुंबईची एक मुलगी आहे. पर्सिस खंबाटा, पारशी, १९६५ ची मिस इंडिया, ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘बम्बई रात की बाहों में’मधली नटी. १९७७ मध्ये पॅरामाउंटने स्टार ट्रेकची नवी टीव्ही मालिका काढायची ठरवली. तिच्यात डोकं तुळतुळीत केलेल्या इलिया या परग्रहावरच्या अधिकारी स्त्रीची भूमिका पर्सिसला मिळाली. त्याच वर्षी ‘स्टार वॉर्स’ आला, तिकीटबारीवर अवकाशाचा भाव वधारला, आणि मालिका रद्द होऊन तिचाच सिनेमा झाला. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, प्रदर्शन डिसेंबर १९७९. पर्सिसने करार केला मालिकेसाठी, काम केलं सिनेमात. मालिकेचा सिनेमा होतो तेव्हा आतल्या माणसाचं काय होतं, याचं हे आपल्या घरातलं उदाहरण.

१९७९ हे वर्ष मराठीतही मोठं गमतीचं आहे. मुंबई दूरदर्शनवर गाजलेल्या चिं. वि. जोशींच्या चिमणरावाचा ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा चित्रपट याच वर्षीचा. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे, मालिकेतली जोडी तशीच्या तशी पडद्यावर. ‘स्टार ट्रेक’चा कॅप्टन कर्क आणि चिमणराव एकाच वर्षी छोट्या पडद्यावरून मोठ्यावर गेले, हे वाचून कोणाला हसू आलं तर खुशाल यावं. पण मुद्दा पाहा. मराठी माणसाला मालिकेचा सिनेमा करणं जमत नव्हतं असं नाही. तंत्र होतं, प्रेक्षक होता, नट होते. त्याच वर्षी अरुण साधू यांच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या दोन कादंबऱ्या एकत्र करून जब्बार पटेल यांनी ‘सिंहासन’ काढला. याच साधूंनी पुढे ‘विप्लवा’ ही विज्ञान कादंबरी लिहिली. तिच्याकडे मात्र सिनेमावाल्यांचं लक्ष गेलं नाही.

का? पैसा हे ठरावीक उत्तर. ते मला अर्धंच पटतं. प्रभातकडे भिंत चालवायला हॉलिवूडचा पैसा नव्हता. ‘स्पेस सिटी सिग्मा’कडे तर पुठ्ठ्याचाही तुटवडा असावा, तरी पोरांनी तिच्यावर जीव टाकला. मला कारण दुसरीकडे दिसतं: मराठी विज्ञानकथा वाढली कुठे?

ती वाढली स्पर्धांत आणि दिवाळी अंकांत. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्या विज्ञानरंजन कथास्पर्धेला १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली, लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. कथेला बक्षीस मिळालं आणि मग कळलं की आद्याक्षरं उलटी केलेले हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून हस्तलिखित त्यांच्या पत्नीने लिहून दिलं होतं. पुढे ‘यक्षांची देणगी’ आली, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ आल्या. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांनी मोठा पसारा उभा केला. अनंत अंतरकरांचं ‘नवल’ मासिक होतंच. यातलं बहुतेक लेखन वर्षातून एकदा, दिवाळीला, पूर्ण होऊन वाचकाच्या हातात पडायचं. फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडायचा, कथा वाचायची, शेवटी वैज्ञानिक कलाटणी, वाहवा, संपलं. कथेतला शास्त्रज्ञ त्या कथेपुरता. पुढच्या वर्षी नवा शास्त्रज्ञ, नवी कल्पना.

मराठी विज्ञानकथेचं यात मोठंच वैभव आहे, ते मला नाकारायचं नाही. नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ या कथेवर हिंदीत चित्रपटही झाला. पण कल्पनेचे चाहते होत नाहीत. चाहते माणसांचे होतात, एका यानातल्या चार-सहा जणांच्या टोळीचे होतात. ‘नारळीकरांच्या कथेवर सिनेमा काढायला हवा’ ही सूचना झाली, भल्या माणसाने निर्मात्याला केलेली. ‘कॅप्टन ताराचा पिक्चर आला तर झखाकू परत येणार’ हा अंदाज झाला, आणि त्यावर पैज लागते. मराठी वाचकाने पहिल्या प्रकारची वाक्यं हजारदा उच्चारली. दुसऱ्या प्रकारच्या वाक्यासाठी त्याला मराठी पुस्तकांबाहेर जावं लागलं.

बाहेर म्हणजे कुठे? बस स्थानकावरच्या बुकस्टॉलवर. १९६४ पासून टाइम्स ऑफ इंडियाने इंद्रजाल कॉमिक्स काढली, मराठीतही काढली. वेताळ आणि मॅन्ड्रेक आधीचे, त्यांच्या मागोमाग फ्लॅश गॉर्डन. १९३४ मध्ये अमेरिकन वर्तमानपत्रात सुरू झालेला हा अवकाशवीर १९३६ मध्येच चित्रपटगृहात दर आठवड्याला एक असा १३ भागांत दाखवला गेला होता. लहानपणी त्यावर पोसलेल्या जॉर्ज लुकासला पुढे त्याचाच सिनेमा काढायचा होता. हक्क मिळेनात, तेव्हा त्याने स्वतःची गोष्ट रचली. ती ‘स्टार वॉर्स’. म्हणजे जगातली सर्वात मोठी अवकाश-सिनेमामालिका एका चाहत्याच्या न मिळालेल्या हक्कांतून निघाली. कोपरगाव किंवा राहुरीच्या स्थानकावर एसटीची वाट पाहत फ्लॅश गॉर्डन वाचणारा मुलगा आणि लुकास, दोघांनी एकाच चित्रकथेवर दिवास्वप्नं पाहिली.

मग टीव्ही आला. १९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा अवकाशात गेले. त्याच दशकात दूरदर्शनने रविवारी सकाळी जुनी ‘स्टार ट्रेक’ दाखवली, १९८९ मध्ये ‘इंद्रधनुष’ ही मुलांची मालिका आली. तिच्यात काम करणारा करण जोहर नावाचा मुलगा पुढे निर्माता झाला आणि त्याने अवकाश सोडून बाकी सगळं पडद्यावर आणलं. १९९८ मध्ये केतन मेहतांची ‘कॅप्टन व्योम’ आली. व्योम झालेला मिलिंद सोमण दादरच्या शिवाजी पार्कात वाढलेला, म्हणजे भारतीय अवकाश-कॅप्टन म्हणून घरोघरी ओळखला गेलेला हा चेहरा मराठी होता. बोलला हिंदीत. अलीकडच्या काही वर्षांत व्योम नव्या रूपात येणार अशा बातम्या छापून आल्या, चाळिशी ओलांडलेली मंडळी हरखली, कोण करणार यावर वाद झाले. अवकाशाशी जेमतेम नातं सांगणाऱ्या ‘शक्तिमान’चा सिनेमा काढणार असं २०२२ च्या फेब्रुवारीत सोनीने जाहीर केलं, त्यानंतरही तेच. हे वाद घालणाऱ्यांत नगर, बीड, सोलापूरची मंडळी कमी नाहीत. पण वाद हिंदी नायकांवर चाललेत.

मराठीत पुस्तकांच्या मालिकेतून मोठ्या पडद्यापर्यंत पोहोचलेला साहसी नायक मला एकच ठळक दिसतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे १९७४ पासून पुस्तकांत धावायला लागला, २० पुस्तकं धावला. १९८० च्या दशकात सुमीत राघवनने त्याला दूरदर्शनवर आणलं. आणि तेव्हापासून मराठी घरांत खऱ्या अर्थाने तो खेळ सुरू झाला: फेणेचा सिनेमा कधी, फेणे कोण, सायकल राहणार का, ‘ट्टॉक’ करणार का? तो सिनेमा आला २०१७ मध्ये. आदित्य सरपोतदारांनी काढला, अमेय वाघ फेणे झाला आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला पुण्यात आलेला तरुण म्हणून उभा राहिला. शाळकरी फेणे हवा होता असं म्हणणारे भेटले, तरुण फेणेवर फिदा झालेलेही भेटले. १९५५ मध्ये क्वाटरमासच्या प्रेक्षकांची जी कुरकुर होती तीच ही. आणि भागवतांचं पात्र त्यात केलं दिलीप प्रभावळकरांनी, १९७९ मध्ये मालिकेतून सिनेमात गेलेल्या त्याच चिमणरावांनी. मराठीत मालिका ते सिनेमा या वाटेवर एखादा टोलनाका असेल तर तिथे प्रभावळकर बसलेले असतात.

भागवतांनी ज्यूल व्हर्नही मराठीत आणला, ‘चंद्रावर स्वारी’ त्यांचीच. म्हणजे ‘केरळ कोकिळ’ने उघडलेल्या वाटेवरचा हा माणूस. त्याने फेणेला काश्मीरला नेलं, सीमेवर नेलं, यानात बसवून कायमचं वर मात्र नेलं नाही. ते केलं असतं तर या लेखाला वेगळी दिशा मिळाली असती, इतकंच म्हणतो.

सिनेमा बनवणारी माणसं आता नगरमध्येही आहेत. नागराज मंजुळेंनी न्यू आर्ट्स महाविद्यालयात शिकताना ‘पिस्तुल्या’ केला आणि तो राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत गेला. श्रीगोंद्याकडच्या भाऊराव कऱ्हाडेंनी ‘ख्वाडा’ काढला. जागाही नगरकडे आहे. के. के. रेंजचा उजाड माळ, तिथून दूरवर ऐकू येणारा तोफांचा आवाज, आणि शहराला लागून संरक्षण खात्याची वाहनं घडवणारी व्हीआरडीई ही प्रयोगशाळा. मंगळ म्हणून दाखवायला याहून सोयीचं काही शोधायची गरज नाही. दृश्यपरिणामांचं काम तर आता पुण्या-मुंबईतले तरुण परदेशी चित्रपटांसाठी रोज करतात. भिंत चालवण्याची अडचण उरलेली नाही.

उरलेली अडचण संपादकांची आहे, आणि म्हणून शेवटचं बोलणं त्यांच्याशी. दिवाळी अंकाच्या संपादकांनो, पुढच्या खेपेला नामवंतांकडे ‘एक विज्ञानकथा पाठवा’ असं पत्र धाडू नका. एका लेखकाला गाठा, त्याच्याकडून एक यान मागा, यानात पाच माणसं मागा, निदान एक तरी नगरी बोलणारं असू द्या, आणि त्यांची गोष्ट सलग पाच वर्षं छापा. पहिल्या वर्षी त्यांना अडचणीत टाका आणि खाली ‘क्रमशः’ लिहून अंक बंद करा. वाचकांच्या शिव्यांची पत्रं आली की ती जपून ठेवा, निर्मात्याला दाखवायला उपयोगी पडतील.